विनोग्रँडचा कित्ता गिरवायचा असेल तर

स्ट्रीट फोटोग्राफी, म्हणजे रस्त्यावरच्या माणसांचे सहज फोटो काढणं, शिकण्यासाठी एखाद्या डॉक्युमेंटरी फोटोग्राफरचा कित्ता गिरवा, हा सल्ला बरोबर आहे. त्यापुढे जे सांगतात ते मात्र बहुतेक वेळा कुचकामी असतं. म्हणे फोटो ब्लॅक अँड व्हाइट करा, वर थोडा ग्रेन, म्हणजे जुन्या फिल्मसारखे बारीक दाणे, टाका. तेवढ्याने फोटो जुना दिसतो, बाकी काही होत नाही.

मी गिरवला अमेरिकी फोटोग्राफर गॅरी विनोग्रँड. जन्म 1928, न्यू यॉर्कचा. 1967 साली तिथल्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमधल्या 'न्यू डॉक्युमेंट्स' प्रदर्शनात डायन आर्बस आणि ली फ्रीडलँडर यांच्यासोबत त्याचे फोटो लागले होते. तुम्ही दुसरा कुणी निवडा, पण एकच निवडा आणि तीन महिने तरी त्याला सोडू नका.

त्याचे वीस फोटो समोर घ्या आणि प्रत्येकाखाली एवढंच लिहा: हा माणसापासून किती पावलांवर उभा होता? प्रकाश, भाव, आशय हे सगळं नंतर. विनोग्रँडच्या बाबतीत बरेचदा उत्तर येतं, दोन-तीन पावलं.

लेन्स 28 मिमी, म्हणजे बरंच रुंद दृश्य घेणारी. झूम घरी ठेवा. मोबाइल असेल तर मुख्य कॅमेरा साधारण त्याच मापाचा असतो, चिमटीने झूम करू नका.

ॲपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/8, शटर 1/500 सेकंद, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) लागेल तेवढा. फोकस मॅन्युअलवर टाकून 2 मीटरला लावून ठेवा. फुल फ्रेम कॅमेऱ्यात (ज्याचा सेन्सर 35 मिमी फिल्मच्या चौकटीएवढा असतो) सव्वा ते पाच मीटरमधलं सगळं पुरेसं शार्प येतं.

आता खरी गोम, अंतराची. पहिले चार महिने माझ्या फोटोंत माणसं कमी आणि डांबर जास्त होतं. मला वाटायचं मी अगदी जवळ उभा आहे. पण डोळ्याला जे जवळ वाटतं ते 28 मिमीला लांबच असतं. त्यात कुठेतरी वाचलं की कॅमेरा कमरेशी धरून न बघता क्लिक करा, कुणाला कळत नाही. या सल्ल्याने माझं जेवढं नुकसान केलं तेवढं कशानेच नाही. हनुवट्या, विजेचे खांब, अर्धं आभाळ असे शेकडो फोटो जमले. शिवाय लोकांना कळायचंच. चोरट्या हातावर नजर आधी जाते. विनोग्रँड कॅमेरा उघडपणे, झटकन डोळ्याला लावायचा.

मला उपयोगी पडली ती मोजपट्टी. घरात खुर्ची ठेवा, अंदाजाने दोन मीटरवर उभे राहा, मग मोजा. चूक वितीपेक्षा कमी होईपर्यंत हे करत राहा. कंटाळवाणं आहे, पण पर्याय नाही. मग लोक समोरून येतील असा कोपरा धरा आणि तिथेच थांबा. कुणाच्या मागे लागू नका. कॅमेरा छातीशी, दोन्ही हातांत, दिसेल असा धरा. माणूस तीन मीटरवर आला की डोळ्याला लावा, दोनवर क्लिक करा, मग कॅमेरा खाली घेऊन नजर द्या आणि हसा. विनोग्रँडही फोटो काढताना हसून मान डोलवायचा.

एकदा चौकड्यांच्या शर्टातले एक गृहस्थ थांबले. "काय काढलंत? दाखवा." मी गडबडून म्हणालो, "मागची इमारत काढत होतो." स्क्रीनवर कडेपासून कडेपर्यंत त्यांचाच चेहरा होता, इमारतीची एक वीटही नव्हती. ते फोटोवर नाही, थापेवर चिडले. आता मी सरळ सांगतो, "छत्रीची सावली चेहऱ्यावर छान पडली होती म्हणून काढला. नको असेल तर पुसतो." आणि नको म्हटलं तर त्यांच्यासमोरच पुसतो. एकटं मूल, जखमी माणूस, रडणारं कुणी असेल तर कॅमेरा खालीच. तुमच्याकडचा कायदाही आधी पाहून घ्या, तो देशागणिक बदलतो.

तिरप्या फ्रेमबद्दल थोडंसं. विनोग्रँडची फ्रेम कलते, पण उगाच नाही. बरेचदा खांब, भिंतीची कड किंवा उभा माणूस यांपैकी एक काहीतरी फ्रेमच्या कडेला समांतर असतं आणि बाकीचं जग कलतं. ती एक उभी रेघ सापडत नसेल तर कॅमेरा सरळ धरा.

निवड लगेच करू नका. काढतानाचा उत्साह निवडीत लुडबुड करू नये म्हणून विनोग्रँड फिल्म वर्षभर, कधी त्याहूनही जास्त काळ, तशीच ठेवायचा. त्याचा अतिरेकही झाला. 1984 मध्ये तो गेला तेव्हा सुमारे 2,500 रोल धुवायचेच राहिले होते. आपल्याला एक महिना पुरतो. कार्ड खणात टाका आणि दुसरं घाला. महिन्याने माझं पहिलं कार्ड उघडलं तेव्हा त्या दिवशी घरभर दाखवत फिरलेला फोटो पहिल्याच फेरीत बाद झाला. उरले चार, चारही दोन मीटरच्या आतले.