ओपीडीतला खोळंबा: लीन पद्धतीने मोजायचा कसा

लीन म्हणजे कामातला वाया जाणारा वेळ आणि खटाटोप शोधून कमी करण्याची पद्धत. आधी प्रश्न अरुंद करा. ‘ओपीडी सुधारायची’ एवढ्याने भागत नाही. ‘केसपेपर काढल्यापासून औषध हातात पडेपर्यंतचा वेळ ८ आठवड्यांत पाव हिश्शाने कमी करायचा’ असं लिहा.

मग प्रत्येक निवडलेल्या केसपेपरला वेळेची चिठ्ठी टाचा. नोंदणी, डॉक्टर, रक्ततपासणी, औषधखिडकी: प्रत्येक ठिकाणी पोहोचल्याची, काम सुरू झाल्याची आणि संपल्याची अशा तीन वेळा हव्यात. मधली वेळ राहिली की थांबणं आणि काम वेगळं काढता येत नाही. अभ्यास इथेच फसू शकतो. दर तासाला दोन रुग्ण घ्या, सगळे सकाळी नऊचे नकोत. सोमवारची गर्दी वगळण्याचा मोह आवरा.

टप्पे भिंतीवरच्या कागदावर ओळीने मांडा, खाली कामाची आणि थांबण्याची मिनिटं. सर्वांत लांब थांबा कुठे, तिथून सुरुवात. रक्ताचे नमुने गठ्ठ्याने जात असतील तर ते दर १५ मिनिटांनी पाठवून पाहा. एका वेळी एकच बदल, नाहीतर गुण कशाचा ते कळणार नाही.

बदलाआधीचे किमान १० दिवस मोजून मध्यक, म्हणजे आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, काढा. (सरासरी नको, एक अडकलेला रुग्ण ती ओढून नेतो.) रन चार्टवर, म्हणजे दिवसागणिक आकडे टिपायच्या आलेखावर, या मध्यकाची आडवी रेषा ओढा आणि रोजचा मध्यक टिपा. बदलानंतर रेषेच्या एकाच बाजूला सलग ६ बिंदू आले तर फरक केवळ योगायोगाचा नसावा; रेषेवरचे बिंदू धरू नका. सोबत पुन्हा काढाव्या लागलेल्या नमुन्यांची संख्याही ठेवा, घाईत तीच वाढते.

शोधनिबंध छापायचा असेल तर संशोधनाला परवानगी देणाऱ्या नैतिकता समितीकडे मोजणीआधी जा.