सिकलसेल आणि डेंग्यू: आरोग्य प्रदर्शनाच्या टेबलाची तयारी

आठवीच्या मुलामुलींनो, पुढच्या वर्षी आरोग्य प्रदर्शनाचं टेबल तुमच्याकडे येईल, म्हणून आमची यादी लिहून ठेवतेय. आधी विषय ठरवा, आणि तो नागपुरातल्या घरांमधला असू द्या. आम्ही सिकलसेल आणि डेंग्यू घेतले. पहिला आजार आईबाबांकडून येतो, त्यात रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, आणि तो विदर्भातल्या अनेक कुटुंबांत आहे, दुसऱ्याचे डास आपल्या कूलरमध्ये वाढतात.

कार्डशीट, रंग, चिकटपट्टी बर्डीच्या बाजारात मिळते. थर्माकोल घेऊ नका, सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात 2018 पासून बंदी आहे, पुठ्ठा घ्या. हार्डवेअरच्या दुकानातून पारदर्शक पाईप आणा, मिस्त्री लेव्हल बघायला वापरतात तो. पाईप म्हणजे रक्तवाहिनी. त्यात सोडायला लाल मणी, म्हणजे निरोगी पेशी, आणि शाडूचे छोटे विळे, म्हणजे सिकलसेलच्या पेशी. विळे बरेच दिवस आधी करून सावलीत वाळवा, मग रंगवा. पाईप उभा धरला की मणी सरसर उतरतात. विळे घातले की ते अडकतात आणि मागचे मणीही थांबतात. तिथेच बोट ठेवून सांगायचं, की रक्त असं अडतं म्हणून रुग्णाची हाडं ठणकतात. निरोगी लाल पेशी साधारण 120 दिवस जगते, सिकलसेलमधली 10 ते 20 दिवस. अंगातलं रक्त कमी होतं ते त्यामुळे. पाणी कमी पडलं, थंडी बाधली किंवा ताप आला की दुखणं उसळू शकतं, म्हणून नागपूरचा उन्हाळा अशा मुलांना फार जड जातो.

सगळ्यात जास्त वेळ द्या तो चिठ्ठ्यांच्या खेळाला. दोन डबे, एक आईचा, एक बाबांचा. दोघेही वाहक धरायचे, म्हणजे एक जनुक निरोगी आणि एक सिकलसेलचं असलेले, म्हणून प्रत्येक डब्यात एक ‘ए’ (निरोगी) आणि एक ‘एस’ (सिकलसेलचं). पाहुण्याने दोन्हींतून एकेक चिठ्ठी काढायची. दोन ‘एस’ आले तर बाळाला आजार, एकच आला तर बाळ वाहक, एकही नाही तर काहीच नाही. चिठ्ठ्या दर वेळी परत डब्यात टाकायला विसरू नका, सगळा मुद्दा त्यातच आहे. चार मुलांपैकी एकालाच होणार असा हिशोब लोक धरतात; खरं तर प्रत्येक बाळाच्या वेळी चारात एक ही शक्यता नव्याने असते. पहिलं मूल आजारी आहे म्हणून दुसरं सुटलं, असं होत नाही.

फलकावर कुठल्या जातीचं, गावाचं, आडनावाचं नाव नको. समोर उभ्या असलेल्या काकूंच्या घरीच रुग्ण असू शकतो. ‘हा आजार स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने होत नाही’ आणि ‘वाहक म्हणजे रुग्ण नव्हे’ ही दोन वाक्यं मोठ्या अक्षरांत लिहा. ती मला सगळ्या टेबलापेक्षा महत्त्वाची वाटतात.

डेंग्यूसाठी घरच्या जुन्या कूलरची टाकी आणि घासायचा ब्रश पुरे. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची अंडी टाकीच्या भिंतीला चिकटतात आणि कोरडी असली तरी कित्येक महिने टिकतात. पुढच्या उन्हाळ्यात पाणी भरलं की फुटतात. म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही, कूलर माळ्यावर टाकण्याआधी भिंती घासायच्या, आणि चालू असताना दर आठवड्याला टाकी रिकामी करून कोरडी करायची. जिवंत अळ्या आणू नका, चित्र चालतं. हा डास दिवसा चावतो, हेही सांगा.

कुणाचंही रक्त टेबलावर काढायचं नाही, सुई आणायचीच नाही. पण ‘तपासणी कुठे करायची?’ हे लोक विचारतातच. बाईंच्या सहीचं पत्र घेऊन जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात आधीच जा, तपासणीची जागा, वार आणि वेळ विचारून छोट्या चिठ्ठ्यांवर लिहून ठेवा. पहिली चाचणी सोल्युबिलिटीची, म्हणजे रक्ताचा थेंब द्रावणात टाकून ते गढूळ होतं का हे बघायची असते. त्यात काही आढळलं तर पक्कं निदान इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या प्रयोगशाळेतल्या चाचण्यांनी होतं, एवढं चिठ्ठीच्या मागे लिहा. चिठ्ठी मागायला काहींना संकोच वाटतो, म्हणून गठ्ठा टेबलाच्या कडेला ठेवा, न विचारता उचलता येईल असा.