लेन्स घेताना सेन्सर विसरू नका: कोकणात फोटो काढणाऱ्यांच्या नेहमीच्या चुका

जुन्या कौलारू घराचं माजघर फोनमध्ये आरामात मावतं. मग होमस्टे चालवणारा माणूस चांगले फोटो हवेत म्हणून कॅमेरा घेतो, फोनवर २४ एमएम लिहिलंय म्हणून कॅमेऱ्यालाही २४ ची लेन्स मागवतो आणि भिंतीला पाठ टेकवून उभा राहतो. देव्हारा घेतला तर दार जातं, दार घेतलं तर देव्हारा. मग लेन्सला शिव्या.

लेन्स ठणठणीत असते, चूक आकड्याच्या वाचनात आहे. फोनच्या जाहिरातीतला २४ किंवा २६ हा आकडा ३६ बाय २४ मिलिमीटरच्या फुल फ्रेम सेन्सरच्या हिशेबाने दिलेला असतो (सेन्सर म्हणजे कॅमेऱ्यातली प्रकाश टिपणारी चिप). फोनमधल्या मुख्य लेन्सची खरी फोकल लेंथ (लेन्सचा मिलिमीटरमधला आकडा, तो लहान तितकी चौकट रुंद) सहसा दहा मिलिमीटरच्याही आत असते. सुट्या लेन्सवर मात्र खरी फोकल लेंथ छापतात. निकॉनचा पी ९०० कॅमेरा घ्या. जाहिरातीत २४ ते २०००, पण लेन्सच्या कडेवर वाचलंत तर ४.३ ते ३५७.

क्रॉप फॅक्टरचे, म्हणजे छोट्या सेन्सरवर फोकल लेंथ कितीने गुणायची त्याचे, तक्ते पाठ करण्याच्या मी विरोधात आहे. दीड, एक पूर्णांक सहा, दोन हे आकडे लोक पाठ करतात आणि दुकानात उभं राहिल्यावर कशाला कशाने गुणायचं तेच विसरतात. त्यापेक्षा हा हिशेब लक्षात ठेवा: अंतर गुणिले सेन्सरची रुंदी, भागिले फोकल लेंथ. तेवढ्या अंतरावर फोटोत आडवं किती मावेल, ते कळतं. (अगदी जवळून काढायच्या मॅक्रोला आणि रेषा वाकवणाऱ्या फिशआय लेन्सला हा हिशेब लागू नाही.)

सेन्सरची रुंदी मिलिमीटरमध्ये: फुल फ्रेम ३६, निकॉन, सोनी आणि फुजीचा एपीएस-सी (फुल फ्रेमहून छोटं माप) साधारण २३.५, कॅननचा एपीएस-सी २२.३, त्याहून छोटा मायक्रो फोर थर्ड्स १७.३. ‘एक इंची’ सेन्सर फक्त १३.२, तो कोणत्याही बाजूने मोजला तरी इंच भरत नाही.

आता माजघरात परत जाऊ. समोरची भिंत १२ फुटांवर आहे. २४ ची लेन्स फुल फ्रेमवर १८ फूट रुंदी दाखवते. तीच लेन्स निकॉनच्या एपीएस-सीवर पावणेबारा फूट, कॅननच्या एपीएस-सीवर ११ फूट आणि मायक्रो फोर थर्ड्सवर जेमतेम साडेआठ. एपीएस-सीवर साधारण तेच १८ फूट हवे असतील तर लेन्स १६ ची लागेल, मायक्रो फोर थर्ड्सवर १२ ची. हे गणित ऑर्डर देण्याआधी दोन मिनिटांत होतं. मोजपट्टी घरात असतेच.

‘डीएक्स लेन्सला गुणाकार लागत नाही’

हा गैरसमज फार चिवट आहे. (डीएक्स हे निकॉनच्या एपीएस-सीचं नाव.) लेन्स एपीएस-सीसाठीच बनवली, म्हणजे ३५ चे ३५ च, असं लोक ठामपणे सांगतात. फोकल लेंथ हा लेन्सचा गुण आहे, ती कुठल्या कॅमेऱ्यासाठी बनवली याच्याशी त्या आकड्याचा संबंध नाही. ३५ ची डीएक्स लेन्स आणि ३५ ची फुल फ्रेम लेन्स एकाच डीएक्स बॉडीवर (बॉडी म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा) लावून बघा, चौकट सारखीच दिसेल. डीएक्स लेन्स प्रकाशाचं छोटं वर्तुळ पाडते, एवढाच फरक. म्हणून ती सहसा हलकी आणि स्वस्त असते.

‘पुढे फुल फ्रेम घेणारच आहे’

या भरवशावर एपीएस-सीवाले महागडी, जड २४-७० झूम घेतात. ती लेन्स त्यांच्या बॉडीवर ३६-१०५ सारखी वागते, म्हणजे वाइड, रुंद दाखवणारी बाजू गेलीच. हर्णैच्या बंदरावर मासळीच्या लिलावात माणसं अंगाला अंग लावून उभी असतात, मागे सरकायला जागा नसते. तिथे १६-५० किंवा १७-५० सारखी झूम लागते. फुल फ्रेम येईल तेव्हा येईल. आज हातात जी बॉडी आहे तिच्यासाठी लेन्स घ्या, नंतर विकता येते.

बसत नाही, फोकस होत नाही, कोपरे काळे येतात

सेकंडहँड घेताना लेन्सवरची अक्षरं वाचा. निकॉनची डीएक्स, सोनीची नुसती ई, सिग्माची डीसी आणि टॅमरॉनची डीआय टू ही एपीएस-सीसाठी. सोनीची एफई, सिग्माची डीजी, टॅमरॉनची डीआय ही फुल फ्रेमसाठी. कॅननच्या ईएफ-एस लेन्सवर पांढरा चौकोन असतो. ती कॅननच्या फुल फ्रेम डीएसएलआरवर बसतच नाही, जोर लावू नका.

लेन्स बसली, पण २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेमवर फोटो अचानक १० मेगापिक्सेलचे येतायत? कॅमेऱ्याने एपीएस-सी लेन्स ओळखून स्वतःच क्रॉप केलंय. तो क्रॉप मेनूतून बंद केलात तर कोपरे काळे येतील. लेन्स बरोबरची असूनही कोपरे काळे असतील तर आधी फिल्टर काढून बघा. वाइड लेन्सवर जाड पोलरायझर (चमक घालवणारा फिल्टर) हेच करतो.

निकॉनच्या डी ३५०० किंवा डी ५६०० वर जुनी ५० एमएम एफ १.८ डी लेन्स स्वस्तात मिळाली म्हणून घेतली, तर ऑटोफोकस चालणार नाही. या बॉडीत फोकसची मोटर नाही, ती लेन्समध्ये असावी लागते. एएफ-एस अक्षरं बघून घ्या.

दशावताराला ५० एमएम

जत्रेतला दशावतार रात्रीचा, प्रकाश तुटपुंजा. कॅमेऱ्यासोबत येणारी किट लेन्स ५५ वर एफ ५.६ च्या पुढे उघडत नाही (एफचा आकडा लहान तितकं लेन्सचं छिद्र मोठं). एफ १.८ ची लेन्स त्याच्या जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते, त्यामुळे ५० ची स्वस्त प्राइम (झूम नसलेली लेन्स) घेण्याचा सल्ला सगळेच देतात. सल्ला देणाऱ्याकडे फुल फ्रेम असते, ऐकणाऱ्याकडे एपीएस-सी. १५ फुटांवर ५० ची लेन्स एपीएस-सीवर सात फूट रुंद आणि पावणेपाच फूट उंच चौकट देते. मुकुट घातलेला राजा त्यात पायांसकट येत नाही. कॅमेरा उभा धरावा लागतो, मग दुसरं पात्र चौकटीबाहेर. तिथे ३५ एफ १.८ घ्या. दहा फूट रुंदी आणि पावणेसात फूट उंची मिळते, युद्धाचा प्रसंग मावतो.

‘छोट्या सेन्सरवर एफ १.८ चं एफ २.८ होतं’ असं कोणी सांगेल. एक्सपोजर बदलत नाही, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) आणि शटर तेच राहतं. पार्श्वभूमी मात्र कमी धूसर होते, आणि त्याच आयएसओला दाणे थोडे जास्त दिसतात. पुढच्या रांगेत बसून दोन पात्रं एकाच वेळी फोकसमध्ये हवी असतात, तेव्हा हा तोटा नसून सोयच आहे.

पक्षी ‘जवळ’ येतो तो कसा?

समुद्री गरुडाचे पंख पसरल्यावर दोन मीटरच्या आसपास भरतात. तो ६० मीटरवर असेल तर ३०० ची लेन्स फुल फ्रेमवर ७.२ मीटर रुंदी टिपते, एपीएस-सीवर ४.७. दोन्ही सेन्सर २४ मेगापिक्सेलचे असतील तर आडव्या ६००० पिक्सेलपैकी गरुडाच्या वाट्याला फुल फ्रेमवर साधारण १,६६०, एपीएस-सीवर २,५५० येतात. फायदा खरा आहे, पण तो दाटीने बसवलेल्या पिक्सेलचा. ४५ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेममधून मधला भाग कापलात तर फरक थोडाच उरतो. त्यामुळे केवळ ‘३०० चे ४५० होतात’ म्हणून दुसरी बॉडी घेऊ नका.

शटर बराच वेळ उघडं ठेवून लाटांचं दूध करायच्या नादात एफ २२ वर जाणं ही शेवटची चूक, आणि ती छोट्या सेन्सरवर जास्त महागात पडते. छिद्र इतकं बारीक झालं की विवर्तनामुळे, म्हणजे प्रकाश कडेला वळून पसरल्याने, तपशील विरघळतो. मायक्रो फोर थर्ड्सवर एफ ८ च्या पुढे, एपीएस-सीवर एफ ११ च्या पुढे शक्यतो जाऊ नका. शटर लांबवायला प्रकाश कमी करणारा एनडी फिल्टर लावा. तो मात्र खोलीवरच लावून निघा, खाऱ्या वाऱ्यात काचेवर बोटं फिरवत बसू नका.