कोठी-तळघरातले किडे: औषध मारण्याआधी या चुका टाळा

विदर्भातल्या जुन्या वाड्यांना तळघरं आहेत. नव्या घरांत ती जागा मागच्या अंधाऱ्या कोठीनं घेतली. धान्याचे कट्टे, ढेप, जुनी भांडी, मोडकी बाज असं सगळं तिथंच पडून असतं. मृगाचे दोन पाऊस झाले की याच खोलीतून वाळवी, झुरळं, गोम आणि कधी विंचूही निघू लागतो. मग जे औषध हाताशी सापडेल ते मारलं जातं, आणि खरा धोका तिथून सुरू होतो.

शेतातलं औषध घरात आणणं

आपल्याकडे प्रत्येक घरी फवारणीचा पंप असतो आणि कपाशीवर मारून उरलेली अर्धी बाटलीही असते. तीच कोठीत फवारली जाते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. तेही उघड्या शेतात. बंद तळघरात तर वारा नसतो. औषध भिंतीत आणि कट्ट्यांच्या तागात मुरतं, आणि त्याच कट्ट्यातली ज्वारी आपण दळायला काढतो.

मुंग्यांसाठी, सापासाठी म्हणून फोरेटचे दाणे कोपऱ्यात टाकणारी घरं अजून आहेत. फोरेट आणि डायक्लोरव्हॉस या दोन्ही कीटकनाशकांवर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे. बीएचसी पावडर तर १९९७ पासून बंद आहे. जुना माल कुणी काढून दिला तरी घेऊ नका. घरासाठी वेगळी औषधं मिळतात. डब्यावर घरगुती वापराचं लिहिलेलं असेल तरच वापरा.

याहून भयंकर आहे धान्यात ठेवायची गोळी, म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड. हवेतल्या ओलाव्यानं तिच्यातून फॉस्फिन वायू सुटतो. तो कट्ट्यातच राहत नाही. दाराच्या फटीतून आणि लाकडी पाटणीतून शेजारच्या खोलीत झोपलेल्या माणसांपर्यंत पोचतो. त्यावर उतारा नाही. वास आला नाही म्हणजे वायू नाही, असंही समजू नका. ही गोळी प्रशिक्षित माणसानंच, राहत्या घरापासून दूरच्या गोदामात वापरायची असते. घरात एक गोळीसुद्धा नको. कुणाला मळमळ, छातीत जडपणा किंवा धाप लागली तर आधी सगळ्यांना बाहेर मोकळ्या हवेत आणा, १०८ ला फोन करा आणि गोळीचा डबा डॉक्टरांना दाखवायला सोबत न्या.

ओल कुठून येते ते न पाहणं

फवारून महिना होत नाही तोच किडे परत दिसले, तर औषध बदलू नका, ओल शोधा. जाड प्लास्टिकचा हातभर लांब-रुंद तुकडा जमिनीवर पसरून चारही कडा चिकटपट्टीनं बंद करा. दुसऱ्या दिवशी प्लास्टिकच्या खालच्या बाजूला पाणी दिसलं तर ओल जमिनीतून येते आहे. वरच्या बाजूला दिसलं तर हवेतून. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

जमिनीतली ओल असेल तर आधी घराबाहेर पाहा. वळचणीचं पाणी, न्हाणीचं सांडपाणी भिंतीच्या पायाशी मुरतं का? उतार काढून ते लांब न्या. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. त्या ओढाताणीत फरशीलाही भेगा पडतात, आणि वाळवीला वाट मिळते. वरून नुसतं सिमेंटचं पाणी सोडलं तर पुढच्या वैशाखात तीच भेग पुन्हा उघडते. सैल माती काढून, मुरूम ठोकून मग कोबा करा.

ओल हवेतली असेल तर खिडकीचं गणित बदलतं. ओल घालवायची म्हणून पावसाच्या झडीत झरोके उघडे ठेवले की दमट हवा आत येते आणि थंड भिंतीवर पाणी धरते. झड थांबून ऊन पडलं की दुपारी उघडा, संध्याकाळी लावा. पावसाळ्यात तळघर शेणानं सारवणंही टाळा. ते वाळत नाही.

पऱ्हाटी आणि तुऱ्हाटीचे, म्हणजे कपाशी-तुरीच्या वाळल्या काड्यांचे, भारे कोठीच्या भिंतीला टेकून रचू नका. वाळवी आणि विंचू दोघांनाही तिथं आयता आसरा मिळतो.

वाळवीच्या नळ्या खरवडून समाधान मानणं

भिंतीवरची मातीची नळी ही वाळवीची नुसती वाट असते, वारूळ जमिनीत असतं. नळी मधोमध दोन बोटं फोडा आणि आत मऊ, पांढुरके किडे धावताना दिसतात का पाहा. चार-पाच दिवसांत तुटलेला भाग ओल्या मातीनं पुन्हा जोडला गेला तर वाळवी जिवंत आहे. रॉकेल, डिझेल ओतून वरवरचे किडे मरतात, वारूळ तसंच राहतं आणि कोठीत आगीचं भय वाढतं. भिंत आणि फरशी मिळते त्या रेषेवर फूटभर अंतरानं भोकं पाडून औषध भरणं हाच टिकणारा उपाय. ते काम जाणकाराकडूनच करून घ्या.

झुरळांना जेल लावून वर फवारा मारणं

जेल हे आमिष आहे. त्यावर किंवा शेजारी फवारा मारला की झुरळं ते खात नाहीत. दोहोंपैकी एकच करा, कोठीसाठी जेल बरं. झुरळाची अंडी तुरीच्या दाण्याएवढ्या तपकिरी कोषात असतात, त्यांना फवारा पोचत नाही. म्हणून काही आठवड्यांनी जेल पुन्हा लावावंच लागतं. कोष दिसले तर चिरडून टाका.

गरम धान्य लगेच भरणं

तुरीच्या दाण्यावर पांढरा ठिपका म्हणजे भुंग्याचं अंडं, गोल भोक म्हणजे भुंगा बाहेर पडून गेला. ही कीड बहुधा शेतातूनच येते. म्हणून भरण्याआधी कडक ऊन द्या, मात्र धान्य पूर्ण थंड होऊ द्या. गरम भरलं की कोठीत घाम धरतो. कडुनिंबाचा पाला ओला घालणं हीदेखील चूकच, सावलीत वाळवूनच घाला. कट्टे फळ्यांवर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवा. भाव वाढायची वाट पाहत घरात ठेवलेल्या कापसात गुलाबी बोंडअळी जगते, त्यामुळे राहत्या खोलीला लागून तो रचू नका.

अडगळीत उघड्या हातानं चाचपणं

झुरळं वाढली की त्यांच्या मागे विंचू येतो. विटा, पोती, जुने जोडे हलवताना हातमोजे घाला. विंचू चावला तर चिरा देणं, घट्ट बांधणं, मंत्रासाठी थांबणं नको. घाम, उलटी, हात-पाय गार पडणं दिसलं, आणि विशेषतः लहान मूल असेल, तर तडक आरोग्य केंद्र गाठा. प्राझोसिन या गोळीनं असे रुग्ण वाचतात, पण ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावी लागते. विंचू शोधायला अतिनील प्रकाशाची बॅटरी कामाची आहे. अंधारात तिच्या उजेडात तो हिरवट-निळा चमकतो. पोती हलवण्याआधी रात्री एकदा सगळे कोपरे तिनं पाहून घ्या.