क्रूझवरची टिप आधीच हिशोबात धरा

कोल्हापुरातनं आता बरेच जण सिंगापूर नाहीतर युरोपची क्रूझ बुक करायला लागलेत, त्यांच्यासाठी सांगतो. आपल्याकडं जेवण झालं की बडीशेपच्या डिशमधी वीस-पन्नास ठेवले की विषय संपला, क्रूझवर तसं नसतंय. बऱ्याच मोठ्या कंपन्या ग्रॅच्युइटी, म्हंजे स्टाफची टिप, म्हणून माणशी रोजचे ठरलेले पैसे तुमच्या रूमच्या खात्यावर आपोआप लावतात, अमेरिकन जहाजांवर साधारण 16 ते 20 डॉलर, आणि बहुतेक ठिकाणी पोरांचे पण. समजा 17 डॉलर धरले तर चौघांचे सात रात्रींचे 476 डॉलर, म्हंजे चाळीस हजाराच्या वर, आणि हे तिकिटात असतंयच असं नाही! एजंटला बुकिंगच्या आधीच स्पष्ट विचारा, जमलं तर आधीच भरून टाका.

बारमधी तर बिलावर 18-20 टक्के आधीच लावलेले असतात, खाली टिपची मोकळी ओळ दिसली म्हणून परत भरू नका.

गेस्ट सर्व्हिसच्या काउंटरवर जाऊन बऱ्याच जहाजांवर रोजच्या टिपचे हे पैसे कमी करून मिळतात, पण खरं सांगू, करू नका. घर सोडून महिनोन्महिने राबणारी पोरं आहेत ती, त्यात आपली भारतीय पण भरपूर, आणि त्यांच्या कमाईचा मोठा वाटा यातनंच येतो. रूम आवरणाऱ्यानं किंवा वेटरनं जास्तच आपुलकीनं केलं असंल तर शेवटच्या संध्याकाळी पाच-दहा डॉलर वेगळे हातात द्या, सुट्टे मात्र इथनंच घेऊन जावा.