सातभाईंची वही: पाखरांचं बोलणं टिपायचं कसं

दोनशे पानी वही घ्या, आडवी धरा आणि पाच रकाने आखा. वेळ. कोण बोललं. काय ऐकू आलं. त्याआधी काय घडलं. ऐकणाऱ्यांनी काय केलं. बहुतेक जण तिसऱ्या रकान्यापाशी थांबतात, पक्ष्याचं नाव आणि आवाज लिहून वही मिटतात. माझा आग्रह शेवटच्या दोन रकान्यांसाठी आहे. आवाजाचा अर्थ काय, हे तो ऐकून दुसरा काय करतो त्यावरूनच कळतं.

हे मला नोकरीनं शिकवलं. नाशिकच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी अनेक वर्षं ट्रंक कॉल, म्हणजे परगावचे फोन, जोडले. लाइन लागली की नाही हे बघायला दोन क्षण कानावर घ्यावंच लागायचं. पाऊसपाण्यात खरखर इतकी, की शब्द कळायचे नाहीत. पण पलीकडच्या माणसाचा पहिला हुंकार आला की बातमी मयताची की बाळंतपणाची, हे आम्हाला समजायचं. शब्द मागून यायचे. माणसाच्या बोलण्याखाली हा जुना, शब्दांआधीचा आवाज अजून वाहतोय आणि तो इतर प्राण्यांच्या आवाजाशी नातं सांगतो, असं मला तेव्हापासून वाटत आलंय.

आता मी सोमेश्वरच्या अलीकडे, गंगापूर रोडला राहते. मागे उंबर, चिकू आणि शेजारचा रिकामा प्लॉट. सुरुवात करणाऱ्यांनी एवढंच करावं: एकच जागा, एकच जात, रोज वीस मिनिटं. पहिली दहा मिनिटं लिहू नका, कारण तेवढा वेळ पाखरं तुमच्याबद्दलच बोलत असतात. जात निवडायची तर सातभाई निवडा. ते टोळीनं राहतात, जमिनीवर पाचोळा उलथत फिरतात, एकाच्या पिल्लांना बाकीचेही भरवतात आणि सतत बोलतात. नाशकात ज्या सोसायटीत थोडा पालापाचोळा शिल्लक आहे तिथे ते असतातच.

मागच्या मार्चमधल्या एकाच सकाळच्या दोन नोंदी जशाच्या तशा देते.

‘६.५०. सातभाई, नऊ. “के-के-के-के”, खरखरीत, न थांबता. आधी: चिकूखाली बोका. नंतर: सगळे खालच्या फांदीवर उतरले, बोक्यापासून दोन हातांवर. दोन साळुंक्या, एक बुलबुल आणि खारही येऊन ओरडायला लागली. सहा मिनिटांनी बोका कुंपणाबाहेर.’

‘७.२५. कोण: दिसलं नाही. “सीऽऽ”, एकदाच, सुईसारखा बारीक. आधी: उंबरावरून शिक्रा गेला. नंतर: सातभाई करवंदीच्या जाळीत. खार खोडाला चिकटून, शेपूटसुद्धा हलत नाही. चार मिनिटं चिडीचूप.’

दुसऱ्या नोंदीतलं ‘दिसलं नाही’ हे माझं लक्ष चुकल्यामुळे नाही. पीटर मार्लर या संशोधकानं १९५५ मध्ये हेच मांडलं होतं. खरखरीत, तुटक आवाज कुठून येतोय ते पटकन कळतं, म्हणून चार जणांना गोळा करून बोक्याला हुसकायला तो उपयोगी. बारीक, उंच पट्टीचा, हळूच सुरू होऊन हळूच विरणारा आवाज कुठून आला ते सापडत नाही, म्हणून शिक्र्यासारख्या शिकारी पक्ष्याची खबर देणारा स्वतः वाचतो. म्हणजे आवाजाचा घाटच त्याचं काम सांगतो. तुमच्या वहीत अशा नोंदी वीस-पंचवीस झाल्या की खरखरीत आवाजासमोर ‘जमले’ आणि बारीक आवाजासमोर ‘लपले’ असं आपोआप दिसायला लागेल. तो दिवस आला की मला फार आनंद होतो, दुसऱ्याची वही असली तरी.

इथे एक व्यवहारी सूचना. हे बारीक आवाज वयाबरोबर आपल्याला ऐकू येईनासे होतात. साठी उलटली असेल तर शेजारचं एखादं पोर बरोबर घ्या. आणि आवाज टिपायचा तर मोबाइलच्या रेकॉर्डरवर टिपा, फोन लावून कुणाला ऐकवू नका. जुनी टेलिफोन लाइन ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पुढे जाऊ देते. ‘सीऽऽ’ त्याच्या कितीतरी वर असतं, पलीकडे पोचतच नाही. आम्ही ‘स’ आणि ‘फ’ची नावं तीन-तीनदा विचारायचो ते याचमुळे.

आवाज लिहायला देवनागरीसारखं साधन नाही. ह्रस्व-दीर्घ, अनुस्वार, हलन्त, अवग्रह सगळं वापरा. पण लिहिलेल्या अक्षरांवर फार विसंबू नका. पावशा आपल्याला ‘पेरते व्हा’ म्हणतो, हिंदीवाल्यांना ‘पी कहाँ’ विचारतो, इंग्रजांना तो ‘ब्रेन फीव्हर’ म्हणाला. पक्षी एक, कान तीन. म्हणून अक्षरांशेजारी पेन्सिलीनं एक रेघ काढा: आवाज चढला तर वर, उतरला तर खाली, तुटला तर तुटक. पावशाची रेघ पायऱ्यांसारखी वर चढत जाते, ती कुठल्याही भाषेत तशीच. (याच पावशाची मादी आपली अंडी सातभाईंच्या घरट्यात घालते आणि ते बिचारे ते पिल्लू वाढवतात. मेअखेरीस तुमच्या वहीत दोघं शेजारी येतील.)

मर्लिन नावाचं मोफत अ‍ॅप आवाजावरून पक्ष्याचं नाव सुचवतं. दुसऱ्या रकान्यापुरतं ते जरूर वापरा. ते चौथा आणि पाचवा रकाना भरत नाही.

टिपलेला आवाज परत पाखरांना ऐकवून बघावंसं वाटेल. विणीच्या दिवसांत अजिबात नको. मी एकदा तशी चूक केली. बोक्याच्या वेळचा आवाज वाजवला, तर घरट्यावरची मादी उठून आली आणि अंडी उघडी पडली. नांदूर मध्यमेश्वरला तर खिशातला मोबाइल मुकाच ठेवा, ते अभयारण्य आहे. हा प्रयोग नीट कसा करतात ते मात्र माहीत असू द्या. केनियातल्या अंबोसेलीत सेफार्थ, चेनी आणि मार्लर यांनी व्हर्व्हेट माकडांना त्यांचेच पुकार लाउडस्पीकरवरून ऐकवले आणि निष्कर्ष १९८० मध्ये छापले. समोर शत्रू नव्हताच. तरी बिबट्याचा पुकार ऐकून माकडं झाडावर पळाली, गरुडाच्या पुकाराला वर बघू लागली, सापाच्या पुकाराला मागच्या पायांवर उभी राहून गवतात शोधू लागली. नुसता आवाज पुरला. सगळा निष्कर्ष पाचव्या रकान्यातून आला.

पुढची पायरी जोडाक्षरांची म्हणा. एक आवाज अर्थाचा झाला. दोन आवाज जोडले की काय होतं? ऑस्ट्रेलियात तांबूस डोक्याचा एक बॅबलर आहे, आपल्या सातभाईंसारखाच टोळीबाज, कुळ मात्र वेगळं. २०१५ मध्ये दाखवलं गेलं की तो दोनच ध्वनी फिरवून वापरतो. त्यांना ‘अ’ आणि ‘ब’ म्हणू. उडताना ‘अब’, घरट्यात पिल्लांना भरवताना ‘बअब’. ‘कप’ आणि ‘पक’ यांत आपण जे करतो त्याच्या उंबरठ्यावरची ही गोष्ट. तेव्हा सातभाईंचे तुकडे वेगळे लिहा आणि क्रम नोंदवा. मी दोन वर्षं करतेय.

माणसांसाठी शेवटची पन्नास पानं राखून ठेवा. रामकुंडावर सकाळी जा. पिंड ठेवून लोक ‘काव काव’ करतात आणि वर बघत उभे राहतात. तिथे वही बाहेर काढू नका, लोक दुःखात असतात. घरी येऊन आठवून लिहा. कावळा हाकेनं आला की पिंड दिसल्यावर, त्याआधी दुसरा कावळा ओरडला होता का, हे बघण्यासारखं असतं. घरी आलात की स्वतःच्या तोंडाकडे लक्ष द्या. कुत्र्याला ‘हाड’, मांजराला ‘शुक शुक’, धान्यावरच्या चिमण्यांना ‘हुश्श’, गाडीच्या रेड्याला ‘हल्या थिर्र’. या आवाजांना विभक्ती लागत नाही, भूतकाळ नाही. बोलण्यातला हा भाग प्राण्यांच्या बाजूला झुकलेला आहे.

घरात तान्हं मूल असेल तर त्याची पानं पहिल्या हुंकारापासून सुरू करा. सात-आठ महिन्यांचं मूल ‘बाबाबा’, ‘दादादा’ सुरू करतं. गाणाऱ्या पक्ष्याचं पिल्लू गाणं शिकताना असंच अर्धवट पुटपुटतं, हे साम्य डार्विननं १८७१ मध्ये नोंदवलंय. आवाज ऐकून शिकणं हे गाणारे पक्षी, पोपट, देवमासे करतात. आपल्याला जवळच्या चिंपांझींना ते फारसं जमत नाही. अमेरिकेत एका जोडप्यानं विकी नावाचं चिंपांझीचं पिल्लू घरात मुलासारखं वाढवलं, आणि खूप शिकवून ते चार शब्द कसेबसे काढू शकलं. भाषा आली कुठून याचं उत्तर सरळ रेषेत मिळत नाही ते यामुळे. १८६६ मध्ये पॅरिसच्या भाषाशास्त्र संस्थेनं तर या विषयावरचे निबंध घ्यायचेच नाहीत असा नियम केला होता. निरीक्षणं नव्हती, तर्कच फार होते. वही आपण त्यासाठीच ठेवतो.

मुलाच्या पानांवर एक गोष्ट खास शोधा. माकडांचा पुकार समोरच्या बिबट्यासाठी असतो. आपण कालच्या बिबट्याबद्दल, उद्याच्या पावसाबद्दल बोलतो. हे मुलात कधी उतरतं ती तारीख पकडा. आपल्याकडे त्यासाठी सोय आहे: चिऊ आणि काऊ. पाखराचा आवाज तेच त्याचं नाव. मूल आधी आवाजाची नक्कल करतं, मग एक दिवस नाव घेतं. अक्षरं तीच, म्हणून फरक फक्त चौथ्या रकान्यात दिसतो.

माझ्या नातीची ती नोंद अशी आहे. ‘दुपार, ३.१०. नात, चौदा महिने. “काऊ.” शेवट वर चढलेला. आधी: काहीच नाही. खिडकीत कावळा नाही, सकाळपासून आवाजही नाही. ती रांगत आली, खिडकीखाली उभी राहिली, रिकाम्या गजांकडे बोट केलं. नंतर: मी पोळीचा तुकडा आणून गजांबाहेर ठेवला. दोघी वाट बघत बसलो.’