खासगीपण जपणाऱ्या ॲपचा पडदा रचताना या चुका टाळा

कूटबद्धीकरण, म्हणजे मजकूर इतरांना वाचता येऊ नये असा बदलणे, आतून कितीही भक्कम असले, तरी पडद्यावरचे शब्द कळले नाहीत की माणूस ते बाजूला ठेवून उघडा संदेश पाठवून मोकळा होतो. १९९९ साली अल्मा व्हिटन आणि जे. डी. टायगर या संशोधकांनी पीजीपी ५.० हे ईमेल कूटबद्ध करणारे सॉफ्टवेअर १२ जणांना ९० मिनिटे वापरायला दिले, तेव्हा बहुतेकांना संदेश नीट कूटबद्ध करता आला नाही आणि तिघांनी तर गुपित चुकून तसेच धाडले.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे तांत्रिक शब्दाचे शब्दशः भाषांतर. नाशिकमधल्या एका समुपदेशन केंद्रासाठी नोंदी कूटबद्ध ठेवणारे ॲप करताना मी नोंदी उघडणाऱ्या गुप्त कळीची प्रत फोनबाहेर जपता यावी म्हणून ‘खासगी कळ निर्यात करा’ असे बटण ठेवले होते. दिंडोरीला घरची द्राक्षबाग असलेल्या एका कार्यकर्त्या ताईंनी चष्मा वर सारून विचारले, "निर्यात कोणत्या देशात करायची, सर?" सगळे हसले, मीही हसलो आणि बटण तसेच राहू दिले. चार महिन्यांनी त्यांचा फोन पाण्यात पडला. नोंदी सर्व्हरवर शाबूत होत्या, परंतु त्या उघडणारी कळ फक्त त्या फोनमध्ये होती. आता मी तिथे ‘फोन गेला तरी नोंदी परत मिळाव्यात म्हणून हे १२ शब्द वहीत लिहून ठेवा’ असे लिहितो (या शब्दांवरून कळ पुन्हा मिळवता येते) आणि त्यांतले दोन शब्द विचारल्याशिवाय पुढे सोडत नाही. घाईतले नवशिके इथे ‘नंतर करा’ची पळवाट ठेवतात, ते ‘नंतर’ फोन बुडाल्यावरच उजाडते.

दुसरी चूक ऊठसूट धोक्याची घंटा वाजवण्याची. सिग्नल या संदेश ॲपमधला, समोरची व्यक्ती तीच आहे ना हे पडताळण्याचा ६० आकडी सुरक्षा क्रमांक समोरच्याने ॲप पुन्हा टाकले तरी बदलू शकतो; दर वेळी लाल चौकट दाखवली, तर खऱ्या धोक्याच्या दिवशीही ती न वाचताच बंद केली जाईल. मी गप्पांमध्ये एक साधी ओळ दाखवतो आणि लाल रंग केवळ आधी पडताळलेला क्रमांक बदलला तर त्यासाठी राखून ठेवतो.

माहिती वापरू देण्याच्या संमतीचे बटण ठळक आणि माघारीचे पाच पडदे आत, ही तर निव्वळ लबाडी आहे. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याला संमती मागे घेणेही ती देण्याइतकेच सोपे हवे आहे.

ब्राउझरच्या खासगी खिडकीवर ‘आता तुम्ही अदृश्य आहात’ असे लिहू नये, कारण कार्यालयाच्या नेटवर्कला आपण कोणत्या साइटवर गेलो ते तरीही दिसू शकते.